बोटचेपा घास

सकाळचे आठ. नायगावच्या बीडीडी चाळीतल्या एका खोलीत सून ओट्याशी उभी आहे. पातेल्यात उकड्या तांदळाची पेज, चांगली घोटून गाळलेली, बोटाला सोसेल एवढी गरम. सुनेच्या हातात सुई नसलेली दहा मिलिलिटरची सिरिंज. दट्ट्या काढून बाजूला ठेवलाय. खालच्या तोंडावर बोट दाबून ती दहाच्या रेघेपर्यंत पेज ओतते, भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघते आणि बोट सोडते. दहा सेकंद झाले की बोट पुन्हा जागेवर. मग सिरिंज खिडकीच्या उजेडात धरून आत किती राहिली ते वाचते. सहा. "झाली, बाबा," म्हणते आणि वाटी भरायला घेते.

बाबा गादीवर भिंतीला पाठ लावून ताठ बसलेले. वय सत्तरीच्या घरात. ऐन तारुण्यात गिरणीत साचे चालवले, गिरण्यांच्या संपानंतर वॉचमनची नोकरी केली. जिभेच्या डाव्या कडेची जखम महिनाभर भरेना म्हणून दाखवायला गेले, आणि पुढचे चार महिने ऑपरेशन आणि 'लाईट' यांतच गेले. चाळीत रेडिएशनला लाईट म्हणतात. नाकातली नळी निघून आता तीन आठवडे झालेत. वाटीभर पेज संपवायला त्यांना चाळीस मिनिटं लागतात. वाटी संपली की त्यांचा रोजचा एकच प्रश्न असतो, "माका चाय कधी गावतली?"

"मॅडम सांगतील तेव्हा," सून म्हणते. मॅडम म्हणजे गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या स्पीच थेरपिस्ट.

पेज चालते आणि चहा चालत नाही, हे भेटायला येणाऱ्यांना पटत नाही. ज्याला भाकरी चावत नाही त्याने निदान पातळ तरी प्यावं, असा आपला सगळ्यांचा हिशेब. गिळण्याच्या दुखण्यात तो उलटा पडतो. सगळ्यांत अवघड असतं पाणी. अन्ननलिका आणि श्वासनलिका यांची तोंडं घशात शेजारीशेजारी आहेत. घास मागे सरकला की श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, त्याच्यावरचं झाकण पडतं, आणि घास पलीकडच्या वाटेने खाली उतरतो. जीभ, टाळू, घसा यांचे कितीतरी स्नायू आणि मेंदूतून निघणाऱ्या पाच-सहा नसा हे काम एका सेकंदात उरकतात. दिवसातून शेकडो वेळा आपण हे करतो आणि एकदाही लक्षात येत नाही. जिभेचा तुकडा गेलेला असेल, घशाचे स्नायू रेडिएशनने ताठरलेले असतील किंवा अर्धांगवायूने एक बाजू लुळी पडली असेल, तर झाकण पडायला उशीर होतो. पाणी त्या उशिरासाठी थांबत नाही. दाट पेज सावकाश सरकते, आणि तेवढ्या वेळात घशाला स्वतःला सावरता येतं.

जेवताना कुणाला ठसका लागला की आपण म्हणतो, कुणीतरी आठवण काढली. पाठीवर थोपटतो आणि पाण्याचा पेला पुढे करतो. निरोगी माणसाचं यात काही बिघडत नाही. पण ज्याचा घसा दुखावलाय त्याला ठसक्यावर घाईने पाणी पाजणं म्हणजे चुकलेल्या वाटेवर आणखी पाणी सोडणं. काहींना तर ठसकाही लागत नाही. घशाची जाणीव गेलेली असते आणि घोट मुकाट्याने फुप्फुसात उतरतो. मग खूण एवढीच, की जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरता येतो किंवा संध्याकाळी बारीक ताप भरतो. हा ताप थकव्याचा म्हणून अंगावर काढला जातो आणि न्यूमोनिया होऊनच रुग्ण पुन्हा वॉर्डात पोचतो.

नायगावला ही गोष्ट परकी नाही. चाळींपासून चालत निघालं तर अर्ध्या तासाच्या आत परळचं टाटा मेमोरियल येतं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झालं तेव्हा भोवती गिरण्यांची भोंग्यावर चालणारी वस्ती होती. बीडीडी चाळी त्याआधीच्या, १९२०च्या दशकातल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची. गिरणीच्या खात्यात कापसाचे तंतू उडत असायचे, विडी पेटवायची सोय नव्हती. चुन्यात मळलेली तंबाखू गालात धरली की साच्यावरचे दोन्ही हात मोकळे राहायचे. घरी बायका सकाळी मिश्री लावायच्या. पुढे तंबाखूची जागा गुटख्याच्या पुडीने घेतली. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, पण तोंडं त्याआधीच भाजली होती. गिरण्या गेल्या, भोंगे गेले, चाळींचा पुनर्विकास सुरू झाला. गालातली जखम मात्र वीस-तीस वर्षांनी उगवते, हे या वस्तीने घरोघर पाहिलंय.

आणि आता माणसं वाचतातही. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगावर एक मोठी चाचणी केली, ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच मानेतल्या गाठी काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. गाठी दिसायला लागल्यावर काढू म्हणून थांबलेल्यांत हेच प्रमाण ६७.५ टक्के होतं. परळमध्ये मिळालेल्या या उत्तराने जगभरची पद्धत बदलली. या वाचलेल्या माणसांना घरी जाऊन जेवायचं असतं. ऑपरेशनची गोष्ट वर्तमानपत्रात येते. त्यानंतरचे सहा महिने पाटावर, वाटीसमोर जातात आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

वाटीतल्या पेजेचा दाटपणा मोजायची ती सिरिंजची युक्ती आयडीडीएसआय नावाच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाची. निरनिराळ्या देशांतले आहारतज्ज्ञ, डॉक्टर, थेरपिस्ट २०१३ साली एकत्र आले, कारण 'मऊ जेवण' या शब्दाचा अर्थ दर रुग्णालयात वेगळा होता आणि त्या गोंधळात माणसं गुदमरत होती. त्यांनी ० ते ७ अशा आठ पायऱ्या ठरवल्या. शून्यावर पाणी, सातवर नेहमीचं जेवण. दहा सेकंदांनी सिरिंजमध्ये एक ते चार मिलिलिटर राहिलं तर पहिली पायरी, चार ते आठ राहिलं तर दुसरी, आठाच्या वर तिसरी. काहीच गळलं नाही तर चौथी, म्हणजे चमचा कलता केल्यावर एका गोळ्यात घसरणारं, मागे न चिकटणारं अन्न. पाचव्या पायरीवर बारीक कण चालतात, पण चार मिलिमीटरपेक्षा मोठे नाहीत. सहाव्यावर दीड सेंटिमीटरपर्यंतचे मऊ तुकडे. तुकडा पुरेसा मऊ आहे का, हे बघायला तो काट्याने दाबायचा, अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत. तेवढ्या दाबाने चिरडला आणि पुन्हा मूळ आकारात आला नाही, तर तो घशाला मानवेल. हा दाब साधारण गिळताना जीभ देते तेवढाच असतो. घरात काटा नसेल तर अंगठा आणि तर्जनीत दाबून बघितलं तरी चालतं.

हे वाचताना मराठी माणसाला एक शब्द आठवायला हवा. बोटचेपं. डाळ बोटचेपी शिजवावी, असं आपल्या आज्या सांगत आल्या. वर्तमानपत्रांनी या शब्दाला धोरणाच्या मागे जोडून त्याची शिवी केली. स्वयंपाकघरात ती शाबासकी आहे. पळीवाढं, सरसरीत, आसट, दाटसर, गुरगुट्या, गोळीबंद. पाणी आणि दगड यांच्यामधल्या प्रत्येक मुक्कामाला आपल्याकडे नाव आहे. नुसता तांदूळ घेतला तरी पेज वेगळी, कण्या भाजून केलेली कण्हेरी वेगळी, मुगाच्या डाळीबरोबरची आटवल वेगळी, गुरगुट्या भात वेगळा आणि ताक घालून केलेली उकड वेगळी. जुन्या वैद्यकाने तर पाण्याची मापंच बांधून दिली होती. तांदळाच्या चौपट पाणी घातलं की विलेपी, सहापट घातलं की यवागू, चौदापट घातलं की मंड. पंचकर्मानंतर रुग्णाला पातळ पेयेपासून विलेपीकडे आणि तिथून हळूहळू नेहमीच्या भाताकडे नेण्याचा क्रम चरकसंहितेत आहे. तिथला विचार पचनाचा होता, घशाचा नव्हता, आणि दोन्ही एकच आहेत असं म्हणणं चुकीचं ठरेल. पण आजारी माणसाला पायरीपायरीने अन्नाकडे परत न्यायचं असतं आणि ती पायरी दाटपणाने मोजायची असते, ही समज या भूमीत नवी नाही. थेरपिस्टच्या कागदावर इंग्रजीत छापलेली 'लेव्हल' सुनेला कळायला वेळ लागला. "पळीवाढ्याहून जरा दाट," एवढं सांगितल्यावर लगेच कळली.

या शब्दांवर विसंबून चालत मात्र नाही, म्हणून सिरिंज. मऊ दिसणारं सगळंच मऊ नसतं. आइस्क्रीम घ्या. घसा थंड होतो, रुग्ण खूश होतो, आणि तोंडात वितळून त्याचं दूध होतं. म्हणजे पुन्हा पातळच. दह्याला सुटलेलं पाणी, कलिंगडाच्या फोडीतून सुटणारा रस, यांचंही तसंच. वरणभात हा तर आपल्याकडे आजाऱ्याचं हक्काचं जेवण. पण वरण पातळ असेल तर तोंडात पाणी एका वेगाने जातं आणि शितं दुसऱ्या. घशाला दोन पाहुणे एकदम सांभाळावे लागतात. म्हणून भात वरणात घोटून एकजीव करावा लागतो. खारी आणि टोस्टचा भुगा कोरड्या तोंडात टाळूला चिकटतो. पावाचा तर लगदा होऊन गोळाच बसतो. दादर स्टेशनबाहेर १९६६च्या सुमारास ज्या वडापावाचा जन्म झाला, तो या माणसांच्या पानात बहुतेक सगळ्यांत शेवटी परततो. पोह्यांतला शेंगदाणा, फोडणीतली मोहरी, कढीपत्त्याचं पान, कोथिंबिरीची काडी. रोजच्या जेवणात ज्यांच्याकडे कुणी बघत नाही, त्या या एवढ्याएवढ्या वस्तू घशात अडकून बसतात. सून आता फोडणी गाळून घालते.

पेजेचे स्वतःचेही लहरी स्वभाव आहेत. निवली की ती दाटते, म्हणून जेवढी गरम वाढायची तेवढी असतानाच मोजायची. नाचणीचं सत्त्व तर पाच मिनिटांत चमच्याला धरून बसतं. उलट, तोंडातला चमचा पुन्हा वाटीत बुडवला की थोड्या वेळाने पेज पातळ होते, कारण लाळेतला पाचकरस पिठूळपणा तोडतो. म्हणून एका चमच्याने वाटीतून छोट्या बशीत घ्यायचं आणि दुसऱ्याने बशीतून खायचं. या घरात असे दोन चमचे वेगळे ठेवलेत. खाण्याच्या चमच्याला दोरा बांधलाय.

लाळेचंच दुसरं दुःख मोठं आहे. मानेवर आणि जबड्यावर रेडिएशन घेतलं की लाळेच्या ग्रंथी सुकतात. लाईट साधारण सहा ते सात आठवडे चालतात, आठवड्यातले पाच दिवस. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलून निघतं, चव जाते, मिठाचा कण झोंबतो. साधं वरण पत्र्यासारखं लागतं, असं रुग्ण सांगतात. कोकणातल्या माणसाला तिरफळं आणि आमसुलं नसलेली आमटी वाढायची, हे वाढणाऱ्यालाही जड जातं. खाणं कमी झालं की वजन उतरतं, आणि वजन उतरलं की चेहऱ्यावर बसवलेला जाळीचा मुखवटा सैल होतो. किरणं नेमक्या जागी पडावीत म्हणून तो मुखवटा मापात बेतलेला असतो. सैल झाला की नवा बनवावा लागतो. म्हणूनच जेवण हा उपचाराचाच एक भाग आहे, असं डॉक्टर परोपरीने सांगतात.

नुसत्या पेजेने पोट भरतं, अंग भरत नाही. तांदळाच्या पाण्यात जीव किती असणार? म्हणून तिच्यात मुगाचं कढण घोटायचं, चमचाभर तूप सोडायचं, दुधाची पावडर मिसळायची, चालत असेल तर शिजवलेलं अंडं पुरणाच्या चाळणीतून काढून घालायचं. पुरणयंत्र हे या दुखण्यातलं फार मोलाचं भांडं आहे. मिक्सरमध्ये लाल भोपळा फिरवला तर तो फेसाळतो, चाळणीतून काढला तर रेशमासारखा उतरतो, धागे वर राहतात. टाटाच्या आसपास फुटपाथवर स्टोव्ह मांडून बसलेल्या कुटुंबांकडे मिक्सर नसतोच. बिहारमधून आलेली बाई सत्तू कालवते, बंगालमधली फेन न काढता भात घोटते, विदर्भातली आंबील ढवळते. दादर पूर्वेला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. परगावाहून उपचारांना आलेले कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. ज्याला जागा मिळाली त्याचं निम्मं दुखणं हलकं होतं, कारण मऊ अन्न ताजं करावं लागतं आणि त्यासाठी डोक्यावर छप्पर लागतं.

बाबांना पेजेचा कंटाळा आहे, पण त्यांचं खरं दुखणं वेगळंच आहे. कोकणात पेज हे कष्टकऱ्याचं अन्न. शेतावर जाताना वाडगाभर पेज आणि सुक्या मासळीचा तुकडा, हे त्यांनी लहानपणी खाल्लंय. तिची लाज नाही. लाज आहे ती दोरा बांधलेल्या चमच्याची, छातीवर पसरलेल्या नॅपकिनची, ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून नकळत ओघळणाऱ्या थेंबाची. खिमट खाणाऱ्या तान्ह्या बाळाचं तोंड पुसताना घरातले हसतात. सत्तर वर्षांच्या माणसाचं तोंड पुसताना सगळे नजर फिरवतात. १६० चौरस फुटांत नजर फिरवायला जागाही नसते. बाबा म्हणूनच सगळ्यांच्या आधी, एकटे जेवून घेतात. लग्नाच्या पंगतीला ते जात नाहीत. गणपतीत आरतीला उभे राहतात आणि प्रसादाचं ताट जवळ येण्याआधी निघून येतात.

याबद्दल मोठ्या माणसांनी बोलायला हवं, आणि काही बोललेही. शरद पवारांना २००४ साली तोंडाच्या कर्करोगाचं निदान झालं. आपल्या तंबाखू-गुटख्याच्या सवयीचा पश्चात्ताप त्यांनी जाहीर कार्यक्रमांतून सांगितलाय. त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ ते सभांमधून बोलत राहिले. ऑपरेशन झालेल्या तोंडाने, लोकांसमोर. चाळीतल्या माणसाला याचा किती आधार वाटतो, हे त्याच्याशी बोलल्यावरच समजतं. आर. आर. पाटील मात्र २०१५च्या फेब्रुवारीत याच रोगाने गेले. वय सत्तावन्न.

दुपारी व्यायाम असतात. जिभेचं टोक दातांत हलकेच धरून आवंढा गिळायचा. तोंडात काही नसताना, सगळा जोर लावून गिळायचं. कुणी हनुवटी छातीकडे नेऊन गिळायचं, कुणी मान एका बाजूला वळवून. कुणी काय करायचं ते घशाचा एक्स-रे किंवा नाकातून घातलेली दुर्बीण बघून ठरतं. शेजारच्या रुग्णाची पद्धत आपण उचलायची नसते. मुंबईत नायर रुग्णालयाच्या महाविद्यालयात आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत या विषयाचं शिक्षण मिळतं, तरीही अनेक कुटुंबांना गिळण्याचेही व्यायाम असतात हे ठाऊकच नसतं. 'आवंढा गिळणं' हा शब्द आपण दुःख दाबण्यासाठी वापरतो. बाबांच्या वहीत तो रोज तीस वेळा लिहिलेला असतो, आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण.

जबड्यासाठी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. रेडिएशनने जबडा आखडतो, म्हणून एकावर एक ठेवलेल्या काड्यांची चवड दातांत धरून तोंड उघडं ठेवायचं. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. बाबांची दीड मावत होती. पहिल्या आठवड्यात चवडीत बारा काड्या होत्या, आता सतरा आहेत. सतरावी बसली त्या दिवशी सुनेने खालच्या मजल्यावर जाऊन सांगितलं.

पुढच्या तपासणीत मॅडमनी चहाची परवानगी दिली. दाट करण्याची पावडर मिसळून, दुसऱ्या पायरीचा, दिवसातून एकदा, चमच्याने. बाबांनी पहिला चमचा तोंडात धरला, थांबले, आवंढा गिळावा तसा जोर लावून गिळला, आणि मग सांगितल्याप्रमाणे मोठ्याने 'आ' म्हटलं. आवाज कोरडा होता. सुनेने दुसरा चमचा भरला. चहाला खळीसारखी चव आहे, अशी त्यांची तक्रार आहे, आणि ती खरी आहे. पण त्या दिवसापासून ते सकाळी सगळ्यांबरोबर चहाला बसतात.

तुमच्या चाळीत, इमारतीत, नात्यात असं कुणी असेल तर भेटायला जरूर जा. जाताना बिस्किटाचा पुडा, सफरचंदं आणि नारळपाणी नेऊ नका. नाचणीचं सत्त्व न्या, घरचं तूप न्या. तो जेवत असताना त्याला बोलतं करू नका, टीव्ही बंद करायला सांगा, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास त्याला आडवं होऊ देऊ नका. ठसका लागला तर पाणी पुढे करू नका, त्याला खोकू द्या. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, किंवा गिळताना रोज अडकायला लागलं, तर स्वतःसाठीही डॉक्टरकडे जा. आणि पंगतीला बोलवायचं असेल तर त्याच्या वाटीत जे आहे तेच आपल्याही वाटीत मागून घ्या आणि त्याच्या शेजारी बसा. चाळीस मिनिटं लागतील.